अळसांद्याच्या मुळांवरच्या गाठी: गोव्यात पहिल्यांदा रायझोबियम लावणाऱ्यांसाठी पूर्ण मार्गदर्शक

भात कापून झालं की वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या हंगामात) अळसांदे, म्हणजे आपली गावठी चवळी, टाकायचे असं ठरवणारे बरेच जण सध्या वाढलेत, चांगली गोष्ट आहे. कोण नोकरी सांभाळून वडिलांची शेती परत सुरू करतंय, कोणाचं घरामागे चारपाचशे चौरस मीटर आहे, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "रायझोबियमचं पाकीट कुठलं आणू?" मी डिचोली तालुक्यात हे सगळं करतोय, शेजारच्यांनाही लावून दिलंय, त्यामुळे सांगतो की पाकीट, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणाऱ्या जिवाणूंचं पाकीट, हा यातला मधला भाग आहे. त्याच्या आधी आणि नंतर जे करायचं असतं ते केलं नाही तर पाकीट कितीही चांगलं असू दे, मुळांवर गाठी येत नाहीत किंवा येतात आणि आतून पांढऱ्या राहतात, म्हणजे काम शून्य. यातले जिवाणू जिवंत आहेत, त्यांना श्वास लागतो, अन्न लागतं, आंबट माती त्यांना चालत नाही, आणि ऊन तर अजिबात नाही. हे डोक्यात ठेवलं की खालची प्रत्येक पायरी का सांगितली ते आपोआप कळेल.

आधी दोन मिनिटं: हे नेमकं होतं काय

हवेत ७८ टक्के नत्र आहे, म्हणजे आपली झाडं नत्रातच उभी आहेत, पण त्यांना तो घेता येत नाही. नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की ते तोडायला कारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लावावा लागतो. आपल्याकडे झुआरीनगरला युरियाचा कारखाना १९७३ पासून आहे, तिथे अमोनिया अशाच पद्धतीने तयार होतो.

तेच काम जमिनीतले काही जिवाणू शेतातल्या साध्या तापमानात करतात. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम असतं, त्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडून त्याचा अमोनिया करायला त्यांना निदान १६ एटीपी (पेशीत ऊर्जा वाहून नेणारे रेणू) इतकी ऊर्जा खर्च करावी लागते. ही ऊर्जा येते झाडाने उन्हात बनवलेल्या साखरेतून. म्हणजे अळसांदा साखर देतो, जिवाणू नत्र देतात, आणि हा व्यवहार चालतो मुळांवरच्या गाठींमध्ये. १८८६ मध्ये हेलरिगेल आणि विल्फार्थ या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कडधान्यांना हवेतला नत्र मिळतो आणि त्याचा संबंध या गाठींशी आहे, आणि १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंकने गाठीतला जिवाणू वेगळा करून वाढवला. त्याआधी गाठी म्हणजे मुळांचा रोग असं समजणारेही होते.

एक गोष्ट इथेच सांगतो कारण पुढे लागेल. नायट्रोजिनेजचा ऑक्सिजनशी संपर्क आला की ते बिघडतं, पण जिवाणूला जगायला ऑक्सिजन तर हवाच. म्हणून झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं द्रव्य तयार करतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच नात्यातलं, ते ऑक्सिजन पकडून ठेवतं आणि मोजून मोजून देतं. त्याचा रंग लालसर गुलाबी असतो. गाठ कापल्यावर गुलाबी दिसली तर काम चालू आहे हे त्यावरूनच कळतं.

१. पाकीट आणायच्या आधी आहे ते रोप उपटून बघा

ही पायरी कोणी करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. तुमच्या शेतात, परसात किंवा शेजाऱ्याच्या मेरेवर (बांधावर) कुठेतरी अळसांदा, मूग, उडीद, भुईमूग, नाहीतर रानातली एखादी शेंगवर्गीय वेल असेलच. एक महिन्याचं, अजून फुलावर न आलेलं रोप शोधा. ते हाताने ओढायचं नाही, ओढलं की गाठी मातीतच राहतात आणि तुम्ही म्हणाल गाठी नाहीत. खोरं किंवा पिकास घेऊन भोवतालची वीतभर माती सकट उचला, बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा, माती आपोआप सुटू द्या आणि मग मुळं बघा.

अळसांदा या बाबतीत फार मोकळ्या स्वभावाचा आहे, उष्ण प्रदेशातल्या जमिनीत असणाऱ्या ब्रॅडीरायझोबियमच्या (रायझोबियमच्याच नात्यातला जिवाणू) बऱ्याच जातींशी तो जुळवून घेतो. त्यामुळे जिथे वर्षानुवर्षं अळसांदे होतात तिथे पाकिटाशिवायही चांगल्या गुलाबी गाठी दिसतात. तसं असेल तर पाकिटाचा फायदा थोडाच होईल, पैसे चुना आणि स्फुरदावर घाला. गाठी नसतील, अगदी थोड्या असतील किंवा कापल्यावर पांढऱ्या निघत असतील तर पाकीट नक्की लावा. तसंच जी जमीन बरीच वर्षं पड होती, भराव टाकून सपाट केली आहे, किंवा जिथे जांभ्यावरची वरची माती एप्रिल-मे भर उघडी तापते, तिथेही लावा.

२. माती तपासा, आणि ती कशी काढायची ते नीट करा

गोव्यात पाऊस साधारण ३००० मिलीमीटर पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या पाण्याबरोबर जमिनीतला चुना, मॅग्नेशियम वाहून जातं आणि आपली जांभी माती आंबट होते. बऱ्याच ठिकाणी सामू म्हणजे पीएच साडेपाचच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो. रायझोबियमला साडेसहा ते साडेसात आवडतो. आंबट मातीत तीन गोष्टी एकदम बिघडतात: जिवाणू कमी जगतात, स्फुरद लोह आणि अॅल्युमिनियमशी बांधला जातो, आणि मॉलिब्डेनम झाडाला मिळत नाही. आणि वर बघितलंच की मॉलिब्डेनमशिवाय नायट्रोजिनेज बनतच नाही.

नमुना असा काढा: शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खड्डा करायचा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची पातळ चकती घ्यायची, सगळं एका घमेल्यात मिसळायचं, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो राहील तेव्हा थांबायचं. सावलीत वाळवायचं. मेरेजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग होता तिथली माती घ्यायची नाही. आणि नमुना युरियाच्या रिकाम्या गोणीत अजिबात न्यायचा नाही, हे खूप जण करतात आणि मग नत्र भरपूर असा रिपोर्ट येतो.

खाजन (खाडीकाठची खारी सखल) जमीन असेल तर क्षारांची तपासणी म्हणजे ईसी मुद्दाम मागून घ्या. अळसांद्याला फार खारं सोसत नाही. खाजनात मानशीच्या (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या) जवळच्या कोपऱ्यात अळसांदे टाकून ते का उगवले नाहीत म्हणून बियाण्याला दोष देणारे लोक मी बघितलेत.

कुठे द्यायचं ते तुमच्या तालुक्याच्या झोनल अॅग्रिकल्चर ऑफिसात विचारा. जुने गोवे इथे आयसीएआरची केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे, तिथेच उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र पण आहे, दक्षिणेतल्यांसाठी मडगावला. रिपोर्ट घेऊन प्रत्यक्ष जा, समोर बसून विचारलं की नीट समजावून सांगतात.

ऑफिसात जाताना सोबत ठेवा:

- नमुना १ आणि १४ ची (जमिनीच्या उताऱ्याची) प्रत
- कृषी कार्ड असेल तर ते, नसेल तर त्याच फेरीत त्याची चौकशी करा कारण अनुदानाच्या बहुतेक योजनांना तेच लागतं
- आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
- जमीन कुळाची किंवा सामाईक असेल तर बाकीच्यांची संमती, हा कागद शेवटच्या क्षणी अडतो म्हणून आधीच लिहून घ्या
- मातीच्या पिशवीवर आणि आत चिठ्ठीवर नाव, सर्व्हे नंबर, गाव, आधीचं पीक, पुढचं पीक

३. कुठल्या पिकाला कुठलं कल्चर (पाकिटातले जिवाणू)

"रायझोबियम" एवढंच मागितलं तर दुकानदार जे असेल ते देतो. प्रत्येक पिकाचा जिवाणू वेगळा असतो, त्यांची गटवारी आहे. अळसांदे, मूग, उडीद, भुईमूग, तूर हे साधारण एकाच गटात येतात, यांच्यात एकाचं दुसऱ्याला चालून जातं. सोयाबीनला वेगळं लागतं, हरभऱ्याला वेगळं, वाटाणा-मसूर यांचं वेगळं. सोयाबीनचं पाकीट अळसांद्याला लावून फायदा नाही. पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं ते वाचा.

भात, भाजी, नारळ यांना रायझोबियमने गाठी येत नाहीत, त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय. आणि अॅझोटोबॅक्टर, पीएसबी ही नावं दिसतील ती वेगळी आहेत. अॅझोटोबॅक्टर मातीत सुटा राहून थोडाफार नत्र धरतो, पीएसबी नत्र देतच नाही, तो बांधलेला स्फुरद सोडवतो. आपल्या जांभ्या मातीत पीएसबी रायझोबियमच्या जोडीने लावलेला चांगला.

४. पाकीट घेताना

पावडरचं असेल तर २५० ग्रॅमचं पाकीट येतं, आत लिग्नाइटची काळी पूड असते आणि तिच्यात जिवाणू. द्रवरूप बाटली पण मिळते, ती टिकते जास्त. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पावडरमध्ये ग्रॅमला निदान ५ कोटी आणि द्रवात मिलीलीटरला १० कोटी जिवंत जिवाणू असायला पाहिजेत. हे आपण घरी मोजू शकत नाही, पण पुढच्या गोष्टी बघू शकतो:

- बनवल्याची तारीख आणि एक्स्पायरी. पावडर बनवून जितके कमी दिवस झालेत तितकी चांगली, एक्स्पायरीला महिना राहिलेलं पाकीट स्वस्तात दिलं तरी घेऊ नका
- पिकाचं नाव, जिवाणूचं नाव, बॅच नंबर
- पाकीट कुठे ठेवलं होतं. दुकानाच्या पत्र्याखाली, उन्हाच्या बाजूच्या फळीवर असेल तर तारीख चांगली असून उपयोग नाही
- पावडर किंचित ओलसर हवी, कोरडी धूळ झाली असेल तर आतले बहुतेक मेलेले समजा

आणि घेतल्यावर स्कूटरच्या डिकीत टाकून म्हापशाच्या बाजारात दोन तास फिरायचं नाही. चाळीस अंशाच्या वर हे जिवाणू मरायला लागतात, डिकी त्याहून तापते. कापडी पिशवीत घालून सरळ घरी न्या, थंड अंधाऱ्या जागी ठेवा. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चालतं, फ्रीझरमध्ये नको. कीटकनाशकाच्या बाटल्यांशेजारी तर कधीच नको.

५. जमिनीची तयारी: चुना, स्फुरद, आणि युरियाचा मोह

सामू साडेपाचच्या खाली असेल तर चुना किंवा डोलोमाइट रिपोर्टात सांगितलं असेल तेवढंच, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी पसरून मातीत मिसळा. ओल असतानाच मिसळा, कोरड्या जमिनीत चुना तसाच पडून राहतो. भात कापल्याबरोबर जमिनीत ओल असते ती वेळ उत्तम. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियम पण मिळतं, आपल्याकडे त्याचीही गरज असतेच. चुना आणि सुपर फॉस्फेट एकाच दिवशी एकत्र टाकू नका.

स्फुरद कमी पडला की गाठी लहान राहतात, कारण ती सगळी एटीपीची ऊर्जा स्फुरदाशिवाय बनत नाही. आंबट जमिनीत रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळतं म्हणून ते आपल्याला चालतं, सोबत कुजलेलं शेणखत द्या.

आता युरिया. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र म्हणजे वीस किलोच्या थोडा वर, आणि गोणी अनुदानामुळे स्वस्त आहे, म्हणून हात जातो. पण मातीत तयार नत्र भरपूर मिळाला की झाड गाठींवर साखर खर्च करायचं बंद करतं, गाठी येतच नाहीत, रोप मात्र हिरवंगार मऊ होतं आणि मग मावा येतो. कडधान्याला सुरुवातीला हेक्टरी २० ते २५ किलो नत्र सांगतात ते गाठी सुरू होईपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांसाठी. १००० चौरस मीटरला हा हिशेब दोन-अडीच किलो नत्राचा होतो, म्हणजे युरिया साधारण पाच किलो. चांगलं शेणखत घातलं असेल तर मी तोही घालत नाही.

६. बियाण्याला कल्चर लावणे

हे सविस्तर लिहितो कारण इथेच गडबड होते. १००० चौरस मीटरला अळसांद्याचं बी दोन ते अडीच किलो लागतं. १० किलो बियाण्याला एक पाकीट हे प्रमाण, म्हणजे किलोला २५ ग्रॅम. अडीच किलोला साठ-पासष्ट ग्रॅम पुरे, थोडं जास्त झालं तर बिघडत नाही. द्रवरूप असेल तर किलोला ५ ते १० मिली.

लागणाऱ्या वस्तू: पातेलं, गूळ, पसरट घमेलं किंवा ताडपत्रीचा तुकडा, गोणपाट, आणि सावली.

गुळाचं पाणी आदल्या रात्री करून ठेवा. १०० मिली पाण्याला १० ग्रॅम गूळ, एक उकळी काढायची आणि पूर्ण थंड होऊ द्यायचं. उकळल्यामुळे नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही निघून जातं, क्लोरीनने जिवाणू मरतात. गरम किंवा कोमट पाण्यात कल्चर घालायचं नाही, बोट घालून बघा, गार लागलं पाहिजे.

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर बसा. बी ताडपत्रीवर पसरा. थंड गुळाच्या पाण्यात कल्चर कालवा, पातळसर खीर होईल इतपत, आणि ते बियाण्यावर थोडं थोडं शिंपडत दोन्ही हातांनी खालून वर हलक्या हाताने फिरवा. अळसांद्याची साल पातळ असते, चोळलं की सुटते आणि पाणी जास्त झालं की बी फुगतं, म्हणून रगडायचं नाही आणि पाणी बेताने घालायचं. अडीच किलो बियाण्याला साठ-सत्तर मिली पाणी पुरतं. प्रत्येक दाण्यावर सारखा काळा रंग चढला आणि तळाला पाणी उरलं नाही म्हणजे जमलं. दाणे एकमेकांना चिकटून गोळे व्हायला लागले तर पाणी जास्त झालंय, थोडी कोरडी कल्चर पावडर भुरभुरा. मग गोणपाटावर सावलीत अर्धा तास पसरून ठेवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं.

चुकवायच्या गोष्टी:

- बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, मग कीटकनाशक, रायझोबियम सगळ्यात शेवटी. रासायनिक बुरशीनाशक आणि कल्चर एकत्र कालवायचं नाही. शक्य असेल तर बुरशीनाशकाच्या जागी ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) वापरा, त्याचं रायझोबियमशी जमतं
- कळीचा चुना किंवा विरवलेला चुना बियाण्याला लावायचा नाही. आंबट जमिनीत बियाण्यावर चुन्याचा थर द्यायची पद्धत आहे, पण ती बारीक दळलेल्या चुनखडीची. पानाला लावतात तो चुना जिवाणूंना जाळतो
- लावलेलं बी उद्यासाठी ठेवायचं नाही. पाऊस आला, ट्रॅक्टरवाला आला नाही, काही झालं तरी दुसऱ्या दिवशी पेरताना परत कल्चर लावा

७. पेरणी आणि पाणी

नोव्हेंबरात भाताच्या ओलीवर पेरणी होते, डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालते, त्यापुढे उशीर झाला की फुलं येतात तेव्हा ऊन तापलेलं असतं. दोन ओळींत दीड फूट, दोन रोपांत अर्धा फूट, दीड इंच खोल, आणि लगेच मातीने झाका. सरीत बी टाकून चहाला गेलात आणि उन्हात उघडं राहिलं तर सकाळची सगळी मेहनत जाते.

पाणी साचलेल्या चिखलात मात्र पेरू नका. गाठींना ऑक्सिजन लागतो हे वर बघितलंच, पाणी साचलं की गाठी गुदमरतात आणि काळ्या पडून कुजतात. खालच्या सखल कुणग्यांत (शेताच्या तुकड्यांत) भात कापल्यावरही पाणी राहतं, तिथे मेर फोडून आधी चर काढून द्या, माती हातात घेऊन दाबली की गोळा होईल पण पाणी सुटणार नाही इतकी ओल बरोबर. नंतर एकदम कोरडं पडलं तरी गाठी बंद पडतात, म्हणून मोरड (उंचावरच्या, पाणी न टिकणाऱ्या) जमिनीत फुलावर येताना आणि शेंगा भरताना एकेक पाणी मिळेल अशी सोय बघा.

८. महिन्याने गाठी कापून बघा

पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांत गाठी दिसायला लागतात, पण बघायचं ३० ते ३५ दिवसांनी. शेताच्या तीन-चार वेगळ्या जागची रोपं वर सांगितलं तशी मातीसकट उचला आणि धुवा.

मोहरीपासून मसुराएवढ्या गाठी असतात. मुख्य सोटमुळावर आणि वरच्या भागात असतील तर त्या तुम्ही लावलेल्या कल्चरच्या असण्याची शक्यता जास्त, लांबच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतील तर बहुधा जमिनीतल्याच. मोठी गाठ घेऊन अंगठ्याच्या नखाने मधोमध फोडा. आत गुलाबी किंवा लाल निघाली, बोटाला रंग लागला, म्हणजे नत्र तयार होतोय. पांढरी असेल तर अजून सुरू झालेली नाही किंवा तो जिवाणू कामाचा नाही, आठवड्याने परत बघा. हिरवी किंवा तपकिरी म्हणजे गाठ म्हातारी झाली. शेंगा भरायला लागल्यावर हिरव्या निघणारच, कारण झाड तेव्हा सगळी साखर शेंगांकडे वळवतं, त्याची काळजी करू नका.

इथे एक मोठा घोटाळा होतो. सूत्रकृमी म्हणजे निमॅटोड या मातीतल्या बारीक कृमींमुळे पण मुळांवर गाठी येतात आणि नवीन माणूस त्या बघून खूश होतो. फरक सोपा आहे: रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला लटकलेली असते, बोटाने सरकवली की अलगद सुटते आणि मूळ शाबूत राहतं. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती काढायला गेलात तर मूळ तुटतं. वांगी, भेंडी, टोमॅटो सतत घेतलेल्या परसात ही अडचण फार. तसं दिसलं तर त्या जागी पुढच्या वेळी झेंडू लावा आणि निंबोळी पेंड घाला.

महिन्याने गाठी नाहीत आणि खालची जुनी पानं पिवळी पडतायत तर पीक वाचवायला दोन टक्के युरियाची फवारणी करा आणि या पिकापुरता रायझोबियमचा विषय सोडा, उभ्या पिकात पाकीट ओतून फारसं हाती लागत नाही. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती नत्राची कमतरता नव्हे, लोहासारखं काहीतरी वेगळं आहे, पान घेऊन ऑफिसात दाखवा.

९. काढणीनंतर: नत्र जमिनीत राहिला तर पाहिजे ना

"कडधान्य घेतलं की जमीन सुधारते" हे सगळे म्हणतात, पण अर्धंच खरं आहे. गाठींनी मिळवलेल्या नत्रातला मोठा भाग दाण्यात जातो, अळसांद्यात प्रथिनं भरपूर असतात ती त्यातूनच. दाणे आपण खातो, विकतो. मग वेल मुळासकट उपटून गुरांना घातला किंवा मेरेवर जाळला तर जमिनीला काय मिळणार? म्हणून शेंगा खुडून झाल्यावर वेल कोयत्याने जमिनीलगत कापा, मुळं आतच राहू द्या, आणि पाला त्याच कुणग्यात पसरा. गुरांना घालायचाच असेल तर शेण परत त्याच शेतात आणा.

पाल्यातला नत्र झाडाला लगेच मिळत नाही. कुजवणारे जिवाणू आधी त्याचा अमोनियम करतात, मग नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर त्याचा नायट्रेट करतात, आणि हे सगळं मृगाचा पाऊस पडल्यावर जोरात सुरू होतं. नेमका तोच नायट्रेट पुढच्या मुसळधार पावसात वाहून जातो, आणि शेतात पाणी साचलं की दुसरे जिवाणू त्याचा परत वायू करून हवेत सोडतात. म्हणून पहिल्या पावसानंतर शेत महिनाभर रिकामं ठेवू नका, काहीतरी हिरवं उभं असू दे जे तो नत्र पकडून ठेवेल. त्यासाठी सगळ्यात चांगला धैंचा, हिरवळीच्या खतासाठी लावतात ते शेंगवर्गीय पीक.

भात, कुळागर (माड-सुपारीची बाग) आणि काजूवाल्यांसाठी

धैंचा पहिल्या सरीवर पेरायचा, १००० चौरस मीटरला चार-पाच किलो बी, आणि पंचेचाळीस दिवसांच्या आत खोड कोवळं असतानाच चिखलणीत गाडायचा. लागवडीची तारीख त्याप्रमाणे मागे मोजा, ज्योती जातीचा भात लावणारे रोपवाटिका त्या हिशेबाने टाकतात. धैंचा पाण्यात उभा राहतो आणि खारंही बरंच सोसतो, त्यामुळे जिथे अळसांदे होत नाहीत अशा जमिनीतही तो साथ देतो. उशीर करू नका, खोड लाकडासारखं झालं की ते कुजवायला जिवाणू उलट मातीतलाच नत्र वापरतात आणि भात पिवळा पडतो.

भाताच्या रोपांसाठी अॅझोस्पिरिलम नावाच्या जिवाणूचं कल्चर मिळतं, पाण्यात कालवून लावणीआधी मुळं अर्धा तास बुडवायची. याने गाठी येत नाहीत, तो मुळांच्या आसपास आणि थोडा आत राहतो, नत्र थोडा देतो आणि मुळं वाढवतो. युरिया पूर्ण बंद करण्याइतका नत्र यातून मिळत नाही, कोणी तसं सांगून विकत असेल तर विश्वास ठेवू नका. पाणी टिकणाऱ्या कुणग्यात अॅझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) सोडता येतो, त्याच्या पानांच्या पोकळीत अॅनाबीना नावाचं नीलहरित शेवाळ राहतं तेच नत्र धरतं, पण अॅझोल्याला स्फुरद लागतो आणि कडक ऊन बाधतं.

कुळागराच्या कडेला आणि मेरांवर गिरिपुष्प लावा. फांदी खोचली की लागते, ते शेंगवर्गीयच आहे, मुळांवर गाठी येतात, वर्षातून दोनदा पाला छाटून माडाच्या आणि सुपारीच्या आळ्यात घाला. नवीन काजूच्या बागेत झाडं लहान असताना मधल्या मोकळ्या जागेत तागाचं किंवा अळसांद्याचं आच्छादन घेता येतं, जांभ्यावरची माती पावसात धुपायची पण थांबते. आणि फक्त शेंगवर्गीयच हे करतात असं नाही, मिरामारला किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत ना, रेतीत काही खत नसताना सुरू उभा राहतो तो फ्रँकिया नावाच्या वेगळ्या जिवाणूमुळे, त्याच्या मुळांवरही गाठी असतात.

नेहमी विचारतात ते

दरवर्षी पाकीट लावायचं का? त्याच कुणग्यात अळसांदे दरवर्षी होत असतील आणि गाठी गुलाबी निघत असतील तर गरज नाही. मध्ये पावसाळाभर भाताचं पाणी उभं असतं तिथे संख्या कमी होते, म्हणून वर्षाआड लावलं तर बरं. ठरवायचं मात्र रोप उपटून बघूनच.

चांगल्या शेतातली माती आणून आपल्या शेतात टाकली तर? जिवाणू येतात, जुनी पद्धतच आहे ती, पण सोबत सूत्रकृमी, मर रोगाची बुरशी आणि तणाचं बी पण येतं. पाकीट मिळत असताना मी करणार नाही.

कुंडीत, टेरेसवर चालेल का? चालेल, फक्त कोकोपीटमध्ये हे जिवाणू नसतातच म्हणून तिथे कल्चर लावायलाच पाहिजे, आणि सोबत विरघळणारं एनपीके देत राहिलात तर गाठी येणार नाहीत.

फोडलेलं पाकीट उरलं तर? पुढच्या वर्षाला ठेवू नका. कुजलेल्या शेणखतात मिसळून, वर ओलं गोणपाट टाकून चार-पाच दिवस सावलीत ठेवा आणि ते खत संध्याकाळी अळसांद्याच्या ओळीत पेरणीच्या वेळी बियाण्याखाली टाका. पेरणी होऊन गेली असेल तर परसातल्या वालीच्या किंवा चवळीच्या आळ्यात घाला.